तहाच्या बातम्या

४ जानेवारी

बूटसाहेबाचा डायपर बदलला आज मी.

एजन्सीवाल्याने फक्त पत्ता दिला होता. पेशंट पुरुष, अर्धांगवायू, बोलणं बंद, घर मोठं, माणसं शांत. खोलीत गेले तर पलंगावर हा. ओळखायला वेळ लागला, तोंड एका बाजूला ओघळलंय. पण कपाळावरचा मस तोच. याच माणसाने आमच्या कारखान्यात बसून माझ्या हातचा चहा प्यायला होता. "वहिनी, चहा झकास. नवीन मशिनं घ्या, सैन्याची ऑर्डर आहे, डोळे झाकून घ्या." आमच्या यांनी डोळे झाकून घेतली. कर्ज काढून.

त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसं, तेव्हा नजर कपाकडे होती.

५ जानेवारी

यांना सांगितलं नाही. "कुठलं घर मिळालं?" "आहे एक म्हातारा." एवढंच.

८ जानेवारी

लिहून ठेवते, नाहीतर राग शिळा व्हायचा.

बुटांचे तळ कापून द्यायचं काम होतं आमचं. बूट शिवायचा तो, सैन्याला द्यायचा तो, आम्ही फक्त तळ. पहिलं बिल वेळेवर मिळालं. दुसरं अर्धं. मग लढाई सुरू झाली आणि आम्हाला वाटलं, चला, आता तरी धंदा उचल खाईल. लाज वाटते, पण वाटलं होतं. बूट ट्रक भरभरून गेले. पैसे मात्र नाहीत. "सरकारने अडवलेत. थोडं देशासाठी सोसा." आम्ही देशासाठी सोसलं, त्याने देशासाठी बंगल्यावर तिसरा मजला चढवला.

बँकेचा वसुलीवाला आला तेव्हा मशिनं टेम्पोत चढवायला हेच पुढे. "तिरकी धरा, पातं तुटेल" म्हणत होते. दुसऱ्याची झालेली मशीन जपत होते!

नंतर कितीतरी दिवस हे बूटसाहेबाच्या फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. एकदाच गाडीची काच खाली झाली. "धंद्यात असं होतंच." काच वर.

आता हे एटीएमवर रखवालदार आहेत. मशीनमध्ये निम्मा महिना नोटा नसतात. लोक विचारतात, पैसे आहेत का? हे म्हणतात, "मशीनकडे की माझ्याकडे? उत्तर एकच आहे."

११ जानेवारी

आज मुद्दाम पडदा ओढला नाही. ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर. तो डोळे मिचकावत पडून राहिला. शेवटी मीच उठून ओढला.

हाताला कामाची सवय आहे, सूड घ्यायची नाही. शिकावं लागेल.

१५ जानेवारी

या घरात दोनच माणसं भेटतात. एक सूनबाई. मी तिला ताई म्हणते, ती मला मावशी. वाईट नाही बाई, दमलेली आहे. दुसरा तिचा नवरा, म्हणजे मोठा मुलगा. कारखाना आता तो बघतो. आठवड्याला एकदा कागद आणि शाईचा पॅड घेऊन येतो, बापाचा डावा अंगठा उमटवतो, बोट पुसायचं काम मला सांगतो आणि जातो. मी त्याचं नाव अंगठेबहाद्दर ठेवलंय.

ताई आज म्हणाल्या, "मावशी, बाबांना रोज पेपर वाचून दाखवाल? त्यांना अक्षरं दिसतात पण लागत नाहीत. डॉक्टर म्हणाले, कानावर काहीतरी पडायला हवं. फक्त लढाईचं वाचू नका. आम्ही घरात तो विषयच काढत नाही. टीव्हीसुद्धा वर आणलेला नाही. बीपी चढतो त्यांचा."

बरं, म्हटलं. लढाईचं नको. बरं झालं सांगितलंत.

१६ जानेवारी

ताई खाली गेल्या आणि मी पहिलं पान उघडलं. अमुक पूल उडवला, तमुक गाव घेतलं, एवढे गेले. सावकाश वाचलं, एकेक शब्द चावून. त्याने डोळे मिटून घेतले. हिशोब करत असणार — इतके गेले म्हणजे इतके नवे भरती, म्हणजे इतके जोड.

बीपी नेहमीपेक्षा वर. माझा मात्र उतरल्यासारखा वाटला.

२२ जानेवारी

एजन्सीवाल्याने पगार कापला. "लढाई आहे ना मावशी, मंदी आहे." साखर महाग, लढाईमुळे. औषध मिळत नाही, लढाईमुळे. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद, तीही लढाईमुळे. ती तर लढाईच्या आधीपासून बंद आहे. बहुतेक तिला आधीच कळलं होतं.

२७ जानेवारी

आज जिन्यात अंगठेबहाद्दर फोनवर कुणाला तरी धीर देत होता. "छे छे, घाबरू नका. लढाई अजून वर्षभर तरी हलत नाही. माल उचलला जाणार." आवाज असा, जसा डॉक्टरचा असतो. सगळं ठीक होईल, म्हणणारा.

मी बेडपॅन घेऊन तिथेच उभी राहिले. इतके दिवस मी उलटं वाचत होते. मेलेल्यांचे आकडे वाचून या घराला काय होणार? त्यावरच तर चाललंय. या घराला भीती एकाच गोष्टीची आहे.

२८ जानेवारी

वाचलं. म्हणजे पेपर समोर धरला आणि मनाने सांगितलं. "दोन्ही बाजूंची बोलणी सुरू. लवकरच तह होण्याची शक्यता."

त्याने डोळे उघडले. इतके मोठे की मीच दचकले. घशातून आवाज काढला, डाव्या हाताने चादर मुठीत धरली. मी तेच परत वाचलं. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या, कानापर्यंत ओघळलं. पुसलं नाही मी. म्हटलं, ओघळू दे.

आज घरी चालत आले. बसचे पैसे वाचवायला नाही. पायांना चालावंसं वाटत होतं म्हणून.

२९ जानेवारी

यांना सगळं सांगून टाकलं. कुणाचं घर, कुठला म्हातारा, मी काय वाचते. वाटलं, रागावतील. यांनी रखवालदाराची टोपी काढून खुंटीला लावली. मग म्हणाले, "तह झाला म्हणजे लगेच ऑर्डर रद्द होत नाही. आधी माल परत येतो. ते सांग त्याला. आणि चामड्याला बुरशी लागते हेही सांग, गोदामात ओल असते."

मग आम्ही दोघं बसून उद्याची बातमी तयार केली. हे एकेक बारकावा सांगत होते — किती खोकी, वास कसा येतो, व्यापारी कसे तोंड लपवतात. मध्येच मला हसू आलं, मग यांना. मशिनं गेल्यापासून यांना हसताना बघितलं नव्हतं. सूड म्हणजे काय चीज आहे. डॉक्टरने लिहून द्यायला हवा.

४ फेब्रुवारी

तह झाला. मी करून टाकला. सही झाली, झेंडे हलवले, दोन्हीकडच्या साहेबांनी हात मिळवले. खऱ्या पेपरात त्याच दिवशी एक अख्खं शहर अंधारात होतं. माझ्या पेपरात दिवे लागले.

तो हुंदके देत होता. छाती हलत होती. म्हातारा माणूस असा रडताना बघवत नाही. मी बघितलं.

१० फेब्रुवारी

रोज एक हप्ता. बूट परत आले. गोदाम भरलं. सैन्य माघारी निघालं. गाड्या भरून पोरं घरी चाललीत, स्टेशनांवर गर्दी. ही पोरांची भर माझी, हे म्हणाले होते फक्त बुटांचं सांग. पण पोरं परतली म्हणजे बूट घालणारं कुणी उरत नाही, हे त्याला नीट कळायला हवं ना.

पोरांचं आलं की तो जास्त रडतो. मर्मावर बोट पडलंय बरोबर.

१४ फेब्रुवारी

ताई म्हणाल्या, "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे. बाबा जेवायला लागले. आधी चार घास जायचे नाहीत. काय करता हो तुम्ही?"

"पेपर वाचते," म्हटलं.

रडून रडून भूक लागत असेल. यांना सांगितलं तर हे कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "दिवाळं निघालेला माणूस जेवतो कसा? मला तर वर्षभर अन्न गोड लागलं नव्हतं." मी म्हटलं, श्रीमंतांची पोटं वेगळी असतात.

२० फेब्रुवारी

आज सांगितलं मी कोण ते. दार लावलं, खुर्ची पलंगाला भिडवली. "तळ कापणारा आठवतो? फाटकापाशी उभा राहायचा तो. मी त्याची बायको. चहा झकास म्हणाला होतात. ऐका आता — तुमचा धंदा बसला. बूट सडले, पोरं परत आली, तुम्हाला कुणी विचारत नाही. धंद्यात असं होतंच."

किती वेळा पाठ केलं होतं हे वाक्य. भांडी घासताना, बसमध्ये, रात्री कुशीवर वळून.

तो माझ्याकडे बघत राहिला. ओळख पटली, नक्की पटली. मग माझा हात ओढून घेतला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. ओल्या गालावर. सोडेना.

मी हिसडून काढला आणि कपड्याला पुसला. माफी अशी फुकट मिळत नसते.

२ मार्च

आज ताईंनी सहज विचारलं, "मावशी, बाबा हल्ली सारखे दाराकडे का बघतात हो? पलंगही फिरवून घेतला तुमच्याकडून."

मी म्हटलं, काय की.

त्या खाली बसल्या, उशीचे अभ्रे घडी करता करता बोलत राहिल्या. "मला वाटतं, भाऊजींची वाट बघतात. धाकटे भाऊजी आघाडीवर आहेत ना. तुम्हाला ठाऊक नसेल, आम्ही बोलतच नाही. बाबांशी भांडून भरती झाले. म्हणाले, तुम्ही बूट पाठवा, मी पाय पाठवतो. नंतर त्यांची पत्रं बंद झाली आणि बाबांना झटका आला. म्हणून तर लढाईचं वाचू नका म्हटलं होतं तुम्हाला."

मी अभ्रे घेतले. पुढचं काही ऐकू आलं नाही.

२ मार्च, रात्री

म्हणजे इतके दिवस मी त्याला साखर भरवत होते. चमच्याने. रोज! त्याच्या गोदामाला आग लावतेय असं समजत होते आणि हा पोरगा घरी येतोय म्हणून रडत होता, म्हणून जेवत होता. माझा हात गालावर धरला तो उपकार मानून.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "धाकटा? मी फाटकापाशी उभा असायचो तेव्हा एकदा एका पोराने बाहेर येऊन पाणी दिलं होतं. आत बस म्हणाला होता. तोच असेल." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. हे असं काहीतरी बोलून माझं सगळं बिघडवतात.

३ मार्च

ठरलं. तह मोडायचा. केला तसा मोडेन. सांगेन की सगळं खोटं होतं, एकही पोरगा परतलेला नाही, लढाई तुझ्या बुटांवर मजेत उभी आहे. हे त्याला लागेल. हे खरं असेल आणि लागेल.

आज जमलं नाही. ताई खोलीत होत्या.

५ मार्च

आजही नाही. डॉक्टर आले होते.

६ मार्च

आज कुणीच नव्हतं. पेपर उघडला. तो दाराकडे बघत होता, मग माझ्याकडे. तोंडाची चांगली बाजू हलली. मी हवामान वाचलं. उद्या नक्की.

९ मार्च

उद्या करायची गरज उरली नाही. काल लष्कराची गाडी आली. दोन माणसं, टोप्या काखेत. धाकटा गेला. महिना होऊन गेलाय. म्हणजे माझ्या पेपरात पोरं गाड्या भरून परतत होती, तेव्हाच.

अंगठेबहाद्दर जिन्यात बसून होता. आज पॅड नव्हता हातात. माणसासारखा दिसत होता.

ताई माझ्यापाशी आल्या. डोळे सुजलेले. "मावशी, आमच्या दोघांच्याने होणार नाही. बाबांना तुम्हीच सांगा. तुमचंच ऐकतात ते. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

घ्या. ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते, ते त्यांनीच हातात आणून दिलं. वर हात जोडले.

यांना विचारलं, काय करू? हे म्हणाले, "सांगावं तर लागेलच कुणालातरी." माझ्याकडे बघितलं नाही.

१० मार्च

सांगितलं. खुर्ची भिडवून, कानाशी, स्पष्ट. "तुमचा धाकटा गेला. लढाईत."

त्याने नीट ऐकलं आणि मान हलवली. नाही. डाव्या हाताने उशाशी पडलेला पेपर दाखवला. तह झालाय, तूच तर वाचलंस. मी परत सांगितलं. म्हटलं, ते खोटं होतं, मी मनाने वाचत होते, सूड म्हणून वाचत होते. माझा आवाज फुटला. तेव्हा त्याने माझ्या हातावर थोपटलं, भेदरलेल्या लेकराची समजूत घालावी तसं, आणि पुन्हा दाराकडे बघत बसला.