कॅरॅव्हॅनमध्ये ओल अजिबात नाही

४ मार्च
कॅरॅव्हॅन घेतली, गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. शेवटी घेतलीच. जुनी आहे, पण काय डौल! आत चार माणसं झोपतील, शेगडी, इवलासा संडास, पुढे हीऽ मोठी खिडकी. विकणारा म्हातारा सारखा म्हणत होता, "उन्हात बघा, उन्हात छान दिसते." हडर्सफील्डमध्ये मार्चात ऊन कुठून आणायचं? मी पावसात बघितली. छानच दिसली.
ग्लेनिस आत गेली आणि गेली तशी बाहेर आली. नाकाला रुमाल. म्हणाली, "सिरिल, आत काहीतरी मेलंय."
कुत्र्याचा वास आहे, मी म्हटलं.
"त्यानं जन्मात कुत्रा पाळलेला नाही. मी विचारलं."
बायकोनं परक्या माणसाच्या चौकशा करू नयेत.

५ मार्च
कॅरॅव्हॅन कशासाठी, ते इथे लिहून ठेवतो, कारण ग्लेनिस म्हणते मी स्वतःसाठीच घेतली. साफ खोटं. तिची बहीण मायर मे महिन्यात कॅनडाहून येतेय. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी दोघींची जुंपली, त्यानंतर फक्त नाताळची कार्डं. आता ग्लेनिसनंच फोन केला. लहानपणी आई त्यांना वेल्समध्ये अबरडॅरनला न्यायची, समुद्राकाठी, कॅरॅव्हॅनमध्ये. तिथेच आठवडाभर राहायचं ठरलंय. फोन ठेवल्यावर तिनं धुतलेले कप पुन्हा धुतले.
मी शब्द दिला: मेपर्यंत कॅरॅव्हॅन खडखडीत कोरडी करून देतो. म्हणजे आत्ताही कोरडीच आहे. आणखी कोरडी.

११ मार्च
आत मोजे भिजले. पलंगावरच्या भिंतीच्या कोपऱ्यात तपकिरी डाग, हुबेहूब नॉर्वेच्या आकाराचा. बोट लावलं तर बोट आत गेलं. शी. बोटाला जुन्या फडक्याचा वास. दोनदा साबण लावला, तरी जेवताना येत होता.
ग्लेनिसला समजावलं की हे पाणी बाहेरून येत नाही. श्वासातली वाफ थंड भिंतीवर धरते. शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलाय, पर्जन्यमान मला नका सांगू.
"कुणाचा श्वास?" ती म्हणाली. "आत कुणी राहतच नाही."
शाळेतही असे प्रश्न मागच्या बाकावरूनच यायचे.

१८ मार्च
शेजारचा डेस्मंड न बोलावता आला. हातात ओल मोजायचं यंत्र. दोन सुया भिंतीत टोचायच्या. कोरडी असेल तर गप्प, ओली असेल तर ओरडतं. सगळ्या कॅरॅव्हॅनभर ओरडत होतं. मी म्हटलं, बॅटरी गेलीय. त्यानं आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं. गप्प. मग मोरीतल्या स्पंजला लावलं. ओरडलं, पण बेताचं.
"अभिनंदन, सिरिल," तो म्हणाला. "स्पंजला मागे टाकलंस."
ग्लेनिस हसली. नको तिथे हसते.

२५ मार्च
आज कामाचा दिवस! भेगा बुजवायच्या सिलिकॉनच्या नळ्या आणल्या. खिडक्या, कडा, छताचा झरोका, सगळं लिंपलं. खिडकीखालच्या पट्टीला कारखान्यानं बारीक बारीक भोकं ठेवली होती. पाण्यापासून वाचायचं आणि भोकं ठेवायची! लोक डोकं वापरत नाहीत. सगळी बुजवली.
सिलिकॉन भुवईला लागलं. निघत नाही. उजवी भुवई आता कायम आश्चर्यचकित आहे.

३० मार्च
पाऊस. ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी होती म्हणे. डेस्मंड सांगत होता, मी ऐकत नव्हतो. पट्टीत तळं साचलं आणि पाणी आतल्या बाजूनं उशीवर उतरलं. उशी उचलली तर खाली काळी बुरशी, केसाळ, उंदरासारखी. हात पुसायला पडदा धरला. पडद्यालाही होती.
किळस आली. जेवलो नाही. (रात्री थोडं चीज खाल्लं.)

७ एप्रिल
ओल शोषणारं यंत्र आणलं. आत चालू करून ठेवायचं, ते हवेतलं पाणी ओढून बादलीत सोडतं. रोज बादली भरतेय! म्हणजे कॅरॅव्हॅन झपाट्यानं वाळतेय.
"पण मग पाणी संपत का नाही?" ग्लेनिस.
खूप आहे म्हणून. साधी गोष्ट.
"सिरिल, वरून जेवढं येतंय तेवढंच तू खालून काढतोयस. विहीर आहे ती."
तिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. (हा शब्द सध्या टाळावा.)

१६ एप्रिल
नॉर्वेच्या जागची फळी काढली. काढली म्हणजे धरली, आणि ती आली. मागे लाकडी चौकट असायला हवी होती. होती, पण दुधात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखी. मुठीत घेतली तर बोटांमधून बाहेर आली. आणि तिच्यावर कानाएवढी पिवळट अळंबी, चकचकीत, ओलीचिंब. अळंबीवर गोगलगायी, जोडप्यानं, बिनशंखाच्या. माझ्याकडे बघून त्यांनी शिंगंसुद्धा आत घेतली नाहीत. त्यांचंच घर.
धावत घरात गेलो. ग्लेनिसनं जेवायला मशरूम भरलेली पेस्ट्री केली होती.

१९ एप्रिल
उपाय सापडला. नवी फळी, त्यावर लव्हेंडरच्या फुलांचा वॉलपेपर. इतकं सुंदर दिसतंय की ओल आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझा तर बसतच नाही.
गोगलगायी बागेत सोडल्या. मी खुनी नाही.

६ मे
ग्लेनिस म्हणाली, "एखादी खोली बुक करून ठेवू या का? तसंच आपलं, असावी म्हणून."
मी दुखावलो. म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही.
"तुझ्यावर आहे रे. जमिनीवर नाही. शेगडीपाशी पाय ठेवला की खाली जाते आणि वर येते."
लवचिक आहे. चांगल्या जमिनी लवचिकच असतात. तरी तिथे चटई टाकली.
मग ती हळूच म्हणाली, "मायर एवढ्या लांबून येतेय, सिरिल. मला पुन्हा बिघडवायचं नाहीये." मी म्हटलं, काळजी करू नकोस. हे मात्र मनापासून म्हटलं.

२३ मे
मायर आली. ग्लेनिससारखीच, फक्त उंच आणि कॅनेडियन जॅकेटमध्ये. दोघींनी गालाला गाल लावला, गाल न लावता. वेल्सपर्यंत गाडीत मी एकटाच बोललो. भूस्तरांबद्दल. कुणी अडवलं नाही, पण ऐकलंही नाही.
पाऊस होता. अबरडॅरनला कॅम्पच्या मालकीण मिसेस पॅरी छत्री घेऊन आल्या, कॅरॅव्हॅनभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "आत झोपणार आहात तुम्ही?"
वेल्श लोकांचा विनोद मला कधी कळला नाही.

२४ मे
घडलं ते जसंच्या तसं लिहितो. रात्रभर पाऊस. सकाळी दोघी बहिणी टेबलाशी समोरासमोर, मधे चहा. अंथरुणं दमट, कपडे दमट, पाव दमट. वास असा, की मी तोंडानं श्वास घेत होतो.
"दूध?" ग्लेनिस.
"नको."
"पूर्वी घ्यायचीस."
"पूर्वी बरंच काही करायचे."
 ग्लेनिस कपाकडे बघत होती आणि तिची हनुवटी हलायला लागली होती. मी ठरवलं, काहीतरी करायला हवं. पावाची ताटली घेऊन शेगडीकडून निघालो. त्याच क्षणी लव्हेंडरचा वॉलपेपर भिंतीवरून सुटला आणि सावकाश, शालीसारखा मायरच्या खांद्यावर उतरला. त्यासोबत एक गोगलगायही. मी पुढे झेपावलो, आणि चटईसकट माझा उजवा पाय जमिनीतून आरपार गेला. मांडीपर्यंत. खाली गवत होतं. गार.
मायर टेबलावरून वाकून बघू लागली. मग मायर म्हणाली, "ग्लेन, तुझा नवरा बुटका झाला."
ग्लेनिसच्या तोंडातून चहाच उडाला.
मी सांगत होतो की मला काढा. ऐकतंय कोण! मायरनं वॉलपेपर बाजूला केला, नाक वर करून मोठा श्वास घेतला. मी म्हटलं, कुत्र्याचा आहे. तिनं लक्ष दिलं नाही.
"ग्लेन! आईच्या कॅरॅव्हॅनचा वास! अगदी तोच!"
"आपण छत्री उघडून झोपायचो," ग्लेनिस म्हणाली.
"आणि आई म्हणायची, पोरींनो, गळत नाहीये, समुद्र तुम्हाला भेटायला आलाय."
मग हसता हसता दोघी रडायला लागल्या. ग्लेनिस म्हणाली, "त्या दिवशी मी नको ते बोलले तुला." मायर म्हणाली, "मीही काही कमी बोलले नाही," आणि टेबलावरून हात पुढे करून तिला ओढलंच जवळ. मी तसाच जमिनीत. गोगलगाय पावाच्या ताटलीपर्यंत पोचली होती. शी, शी, शी.
शेवटी मिसेस पॅरींनी खालून पाय ढकलला.

२५ मे
दोघी गावातल्या गेस्टहाउसमध्ये. खोली ग्लेनिसनं केव्हाच बुक केली होती. माझ्यासाठी वरची एकेरी. दिवसभर दोघी किनाऱ्यावर, हातात हात घालून. मला बोलावलं होतं, पण पाय दुखतोय. शिवाय सकाळी थोडा वेळ मागून चाललो, तेव्हा ऐकू येत होतं. प्रत्येक नव्या माणसाला मायर माझ्या पायाची गोष्ट सांगते. मांडीपर्यंत गेला होता. ती कंबरेपर्यंत सांगते.
खरं तर हे सगळं माझ्या कॅरॅव्हॅनमुळे जुळलं. संध्याकाळी तसं सुचवलं. दोघी पुन्हा हसत सुटल्या.

३० मे
कॅरॅव्हॅन ओढून न्यावी तर रस्त्यात सांडेल, असं मिसेस पॅरींचं म्हणणं. तिथेच मोडून टाकणार आहेत. मी शेवटचं बघायला गेलो नाही. गाडी मागे काही नसल्यामुळे चढावर फारच सहज चढली. 

३ जून
घरी. मायर आणखी पंधरवडा राहणार. स्वयंपाकघराचा रंग जुना झालाय. मी म्हटलं, या आठवड्यात मी काढतो रंगवून, ब्रश आहेतच.
ग्लेनिसनं मायरकडे बघितलं. मायरनं खिडकीबाहेर.
"रंगारी सोमवारी येतोय, सिरिल," ग्लेनिस म्हणाली. फार प्रेमानं म्हणाली. त्याचंच वाईट वाटलं.
मी म्हटलं, बरं.