जादूगाराचं सामान

आबा, तुम्ही माझ्याकडे राहायला आलात त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीनं तळ गाठला होता आणि इकडे शहरात, उस्मानपुऱ्यात माझ्या खिडकीसमोर सात मजली इमारत उभी राहत होती. उरलेली मेंढरं लासूर स्टेशनच्या बाजारात देऊन तुम्ही आलात, तेव्हा मला वाटलं, चाऱ्यापाण्यापायी आलात. पोटात दुखतं हे चौथ्या दिवशी सांगितलंत. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता फार काही करण्यासारखं नाही म्हणाले, दुखणं कमी करायच्या गोळ्या दिल्या. मी तुम्हाला सांगितलं, "आतड्याला सूज आहे, उतरेल." तुम्ही मान हलवलीत. मग दिवसभर खिडकीशी बसून टँकरपुढची रांग बघायचात, आणि मी कंपनीतून आले की एकच विचारायचात, "गावाकडं कधी जायचं?"

रविवारी दुपारी कंपनीतले माझे तीन मित्र खेळायला यायचे. एकजण गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि वार बसला की हुकला हे फासे ठरवतात. तुमच्यासमोर मला संकोच व्हायचा, तिशी ओलांडलेली पोरगी राक्षस-राक्षस खेळते म्हणून. दोन रविवार तुम्ही भिंतीला टेकून नुसतं ऐकलंत. तिसऱ्या रविवारी म्हणालात, "मलाबी घ्या. पण मारामारीचं नको. ताकद नाय राहिली. डोक्यानं करायचं काम द्या." गोष्ट सांगणारा मित्र म्हणाला, "मग आबांना जादूगार करू."

मी कागद घेऊन तुमच्याजवळ बसते. जादूगाराला निघण्याआधी सामान लागतं, आणि ते मोजकंच नेता येतं. पहिली काठी. "कशाची?" तुम्ही विचारता. "जादूची." "तसं नाय. लाकूड कोणतं?" कागदावर लाकडासाठी रकाना नाही. तुम्ही सांगता म्हणून मी समासात लिहिते, बोरीची, कानाइतकी उंच. मग मंत्रांची वही. तुम्ही थबकता. "मला वाचता येत नाय की." "खेळात येतं, आबा." तुम्ही माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहता. "मग घे," म्हणता. चिलखत जादूगाराला चालत नाही, त्याजागी तुम्ही घोंगडी लिहायला लावता. पाण्याच्या पिशव्या दोन. मी म्हणते, एक पुरे, ओझं होतं. "दोन लिही," तुम्ही म्हणता, आणि माझे मित्र खाली बघतात.

शेवटी एकाच वस्तूची जागा उरली. मी म्हटलं, "औषधाची कुपी घ्या. जादूगार नाजूक असतो, एक वार बसला की आडवा." बोलून गेले आणि माझा आवाज मलाच ऐकू आला. "पिलं की बरं होतं?" तुम्ही विचारलंत. "होतं." "कोणतंबी दुखणं?" खेळाच्या नियमांत तसं नव्हतं. ती कुपी फक्त जखमा भरते. "व्हय," मी म्हटलं. तुम्ही माझ्याकडे इतका वेळ बघितलंत की मला पेन्सिलीला टोक करावं लागलं. "लिही मग," म्हणालात. "पण माझ्यासाठी नको. ही पोरं पुढं लढणार, त्यांना लागंल." आणि खरंच, त्याच दुपारी खेळात एकाचा शिपाई पडला तेव्हा तुम्ही कुपी देऊन टाकलीत. मी रागावले. म्हणाले, "आबा, आता तुमच्यासाठी काही उरलं नाही." तुम्ही म्हणालात, "आसू दे."

पुढच्या रविवारांत तुमचं अंग झरझर उतरलं. मग बसवेना तेव्हा तुम्ही पलंगावरून खेळायचात, तुमचे ते वीस बाजूंचे फासे मी टाकायचे. सहाच्या वर पडला की विचारायचात, "लई झालं का?" त्या शेवटच्या रविवारी सगळे गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आता गावाकडं ने. दोन दिस तरी." गावात डॉक्टर नव्हता, पाणी नव्हतं, हे सगळं खरंच होतं. पण तुम्हाला घेऊन त्या घरात एकटीनं बसायची हिंमत माझ्यात नव्हती. मी म्हटलं, "खेळ अर्धा राहिलाय. पोरं डोंगरावर अडकलीत, तुमच्याशिवाय खाली कशी येतील? एवढा पुढचा रविवार होऊ द्या." तुम्ही विचार केलात. मी म्हटलं त्यावर विश्वास ठेवून विचार केलात. "बरं," म्हणालात. "त्यांना उतरवू अन् मग जाऊ." शुक्रवारी दवाखान्यात न्यावं लागलं. शनिवारी सकाळी तुम्ही गेलात.

गावातली माणसं अजून म्हणतात, लेकीनं शेवटपर्यंत केलं. मी ऐकून घेते. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. आबा, गोष्ट त्या शेवटच्या रविवारीच संपणार होती. मी चहा टाकत होते तेव्हा गोष्ट सांगणाऱ्या मित्रानं आत येऊन विचारलं होतं, आज सगळ्यांना डोंगराखाली आणून संपवू का. मीच नको म्हटलं.