तेलाच्या भोकातली अक्षता

कल्याण, आश्विन शुद्ध एकादशी

आज वखारीत सगळ्यांदेखत मालक मला म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही तेल घालायला विसरलात, म्हणून करवत तापली."

मी विसरलो? वाफेची करवत सुरू करायच्या आधी तिच्या दांड्यावरची तेलाची वाटी मी स्वतः काठोकाठ भरली होती. दुपारी दांड्यातून धूर येत होता आणि वाटी तशीच भरलेली. म्हणजे तेल खाली उतरलंच नाही. ते का, हे कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी वाटी काढून तिच्या तळाच्या भोकात तार घातली. शेंदराचा घट्ट गोळा निघाला आणि त्यात तांदळाचा एक दाणा. परवा खंडेनवमीला यंत्राची पूजा मालकांनीच केली होती. अक्षताही त्यांच्याच हातच्या.

दाणा दाखवला तर हळूच म्हणतात, "पूजेला बोल नको. चूक तुमचीच राहू द्या, नाहीतर मी दुसरा मिस्त्री बघतो."

का राहू द्या? देवाला मी कुठे बोल लावतोय? तेलाच्या भोकात अक्षता टाका असं देवाने सांगितलं नव्हतं.

बघा म्हणावं दुसरा मिस्त्री. दाणा पुडीत बांधून ठेवला आहे. उद्या सगळ्यांदेखत मालकांच्या हातावर ठेवणार, प्रसाद म्हणून.