ओ दिली तवापासून

९ ऑक्टोबर २०२३, अकोला

आलो बाप्पा एकदाचा! अमरावतीत तासिकेवर मास्तरकी करून करून जीव उबगला होता. आता ऑनलाइन फसवणुकीच्या अभ्यासाचं काम भेटलं. जठारपेठेत खोली मस्त हाये, अन् घरमालकीण मनकर्णाबाईनं आल्याआल्या पोहे पुढं केले. काम सोपं हाये. फसलेल्या लोकायले भेटायचं, त्यायच्या फोनमधले रेकॉर्ड झालेले कॉल घ्यायचे, कानाले हेडफोन लावून लिहून काढायचे. संध्याकाळी अम्मीले फोन केला. काचबिंदूनं तिची नजर गेली. बाळापुरात एकटीच राहते, मले आवाजावरूनच ओळखते. जेवला काय, हेच पहिले विचारलं.

१४ ऑक्टोबर

फसलेले शेतकरी पंजाबराव भेटले. सोयाबीन पिवळं पडलं तवापासून गावोगाव पीकविम्याच्या नावानं फोन येऊन राहिले. पण पंजाबराव म्हणे, आवाज त्यायच्याच पोराचा, गजेंद्रचा होता. कोण बाप नाही म्हणन? त्यायनं खातं नंबर, ओटीपी सारं सांगून टाकलं. खरा गजेंद्र बाजूलेच बसला होता, मुका. आदल्या दिवशी कोण्या अनोळखी फोननं त्याले नावानं बोलावलं, यानं ओ दिली, अन् वाचाच गेली. डॉक्टर म्हणते घशात काहीच नाही.

१९ ऑक्टोबर

जिथं जातो तिथं तेच. आवाज घरच्याचा, अन् घरात एक माणूस मुका. मनकर्णाबाईले सांगितलं तं ती म्हणे, अनोळखी हाकेले ओ देऊच नये. तिसऱ्यांदा बोलावलं तरच द्यावी, वाईट ते दोनदाच बोलावते. मी हसलो. शिकलेला ना मी!

हसलो खरा, पण लय थकलो. कानात दिवसभर रडके आवाज. जेवणही गोड लागत नाही.

२४ ऑक्टोबर

दुपारी कॉल उतरवता उतरवता डुलकी लागली. कानात कोणीतरी म्हणलं, नईम. मी ओ म्हणलो. थकला माणूस कोणालेही ओ देते. मंग पाहिलं तं हेडफोनची वायर कशालेच जोडली नव्हती.

२५ ऑक्टोबर

घसा बसला. मनकर्णाबाईनं हळदीचं दूध दिलं. काही फरक नाही. तोंड उघडलं की निरी हवा. भेव लागून राहिलं.

२६ ऑक्टोबर

अम्मीचा फोन बिझी. पुन्हा बिझी. माझ्याशिवाय तिले आहेच कोण? शेजारच्या शाहीनले मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं — मी बाजारात हाये, पण खाला लय खुश, सकाळपासून तुमच्याशीच बोलून राहिली —

बाळापूर, दाराशी

आतून कडी. दार ठोकलं. कोण, म्हणे. तोंड उघडलं — हवा. शाहीनच्या घराले कुलूप. गल्लीत कोणी नाही.

आत स्पीकरवर माझा आवाज. माझाच! अम्मी, दार उघडू नको, फसवणारा हाये तो. मागच्या दारानं निघ. मी गाडी घेऊन उभा हाये —

अम्मी हसली. आले बेटा, म्हणे.

पुन्हा ठोकलं. अम्मीनं मले शिवी दिली — मले —

चिठ्ठी सरकवतो दाराखालून — काय येडा मी, तिले दिसत कुठं —

काठी वाजते. मागच्या दाराकडं चालली. पळतो — अम्मी, तो मी नाही, मी इथं —