बारावं नाव

मॅडम,

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. आपल्या कॉलेजचं ते बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान आता पार्किंगला दिलंय. परवा भाचीच्या लग्नाचे कपडे घ्यायला उल्हासनगरला गेले होते, तेव्हा मुद्दाम आत डोकावून आले. खांब तेवढे उभे आहेत, रिंगा गायब. त्या मैदानावर तुम्ही मला एकदा सगळ्यांसमोर झापलं होतंत. पास न देता मी एकटीच पुढे घुसले होते आणि बास्केट झाली म्हणून वर हसतही होते. तुम्ही शिट्टी मारून खेळ थांबवलात आणि म्हणालात, एवढं एकटीनंच खेळायचं असेल तर घरी भिंतीशी खेळ. फार राग आला होता मला. आता वाटतं, तुम्ही मला पहिल्याच वर्षी ओळखलं होतंत.

तुमचा हट्ट एकच. मुलगी अकरावीत यायला हवी आणि बी.ए. होईपर्यंत टिकायला हवी. बाकीची कॉलेजं मुंबईतल्या नावाजलेल्या मुलींना एम.ए.ला नावापुरता प्रवेश द्यायची, एक हिवाळा खेळवून कप न्यायची, आणि त्या मुली परीक्षेलाही बसायच्या नाहीत. तुम्ही त्यांना पाहुण्या म्हणायचात. तुमच्याकडे मी होते, बुवापाड्यातल्या कामगाराची मुलगी, आणि माझी मैत्रीण, कुळगावच्या शेतकऱ्याची. पाच वर्षं आम्ही दोघी शेजारी शेजारी धावलो. तिच्या हातून बास्केट क्वचितच व्हायची, पण समोरच्या मुलीला ती अशी चिकटायची की ती बिचारी रडकुंडीला यायची. कप मात्र शेवटच्या वर्षापर्यंत आपल्याकडे एकदाही आला नव्हता.

शेवटच्या वर्षी प्रिन्सिपॉलांनी तुमचं ऐकलं नाही. पाहुणी आलीच. उंच, हसरी, स्वभावानंही चांगली. नावं ठेवायला जागा नव्हती. पण यादी बारा जणींची आणि सर्टिफिकेटंही बाराच. आम्हा दोघींना त्या कागदाची किती गरज होती हे तुम्हाला ठाऊक होतं. बँकेत खेळाडूंसाठी एकच जागा निघणार होती. नोकरी लागली तर लग्न थांबवू, असा शब्द तिच्या वडिलांनी तिला दिला होता.

यादी केली ती रविवारची सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मी तुमच्या स्वयंपाकघरात बसलेय. तुम्ही पोहे परतताय आणि मी कॅप्टन म्हणून यादी लिहितेय. तुम्ही म्हणालात, एफ.वाय.च्या त्या मुलीचं नाव काढू, तिला अजून दोन वर्षं आहेत. मी म्हणाले, तिची उंची आपल्याला लागेल, त्यापेक्षा माझ्या मैत्रिणीचं काढू या. तुम्ही गॅस बारीक केलात.

"हे तू टीमसाठी बोलतेयस ना?"

"हो मॅडम."

तुमचा विश्वास बसला की तुम्ही नुसत्याच दमला होतात, मला कळलं नाही. पोहे मी पोटभर खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ती नोटीस बोर्डासमोर कितीतरी वेळ उभी होती. मग तुमच्याकडे आली. मी शेजारीच होते. माझं काय चुकलं, एवढंच तिनं विचारलं. "काही चुकलं नाही तुझं. निर्णय माझा आहे," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीत. आपण कप जिंकलो. पाहुणी जानेवारीतच निघून गेली. मे महिन्यात माझ्या मैत्रिणीचं गावातच लग्न लावून दिलं, आणि ऑगस्टमध्ये मी बँकेत लागले. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही एक उचललात आणि हातातच धरून ठेवलात.

तुम्ही गेल्याचा निरोप तिला मीच दिला होता. ती आली नाही. "त्या बाईनी माझी पाच वर्षं मातीत घातली," म्हणाली. अजूनही भेटलो की कधीतरी तुमचा विषय निघतो आणि मी मान हलवते. मागच्या दिवाळीला तर मी "हो ना, असं करायला नको होतं त्यांनी," असंही म्हणाले. माझी मलाच किळस येते मॅडम, पण तोंड उघडत नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही. हे पत्र खरं तर कुळगावला जायला हवं, आणि तिथला पत्ता मला पाठ आहे.