चालू लग्नात नवी सिस्टिम

६ जुलै १९९८
नव्या नोकरीचा पहिला दिवस! इंदिरानगरातला हा एडिटिंग स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर आणि खिडकीत गुलमोहर. लग्नाच्या व्हिडिओत वधूवरांची इंग्रजी नावं बिनचूक घालायची, एवढंच माझं काम. नन्सनी छडी मारून शिकवलेलं स्पेलिंग उतारवयात कामी आलं! मालक सूर्यकांत पुण्याचा, नम्र. एडिटिंग करणारी भार्गवी इथलीच, कानडी. लगेच अक्का म्हणू लागली.

९ जुलै
इथला एक नियम आहे. काम अर्धवट असताना मशीनवर नवी सिस्टिम किंवा एडिटिंगची नवी आवृत्ती घालायची नाही. आधी काम पुरं करून कॅसेटवर उतरवायचं, मग बदल. भार्गवी म्हणाली, "मंगलाष्टकं चालू असताना भटजी बदलतात का, अक्का?" दोघी खूप हसलो.

१४ जुलै
धीर करून आसावरीच्या लग्नाची कॅसेट नेली. लेक गेली, आवाज तेवढा त्यात उरलाय. फितीला बुरशी लागली होती. भार्गवीने सगळं मशीनमध्ये घेतलं आणि मग फीत तुटलीच. आता माझी आसावरी फक्त त्या मशीनमध्ये.

२० जुलै
तिच्या चेहऱ्यावर एक पांढरी रेघ आहे. नव्या आवृत्तीत ती पुसता येते म्हणे, पण तिला नवी सिस्टिमही लागते. सूर्यकांत म्हणाला, आधी आहे तसं कॅसेटवर उतरवून घेऊ, मग बघू. मला थांबवेना. मीच हट्ट धरला.

२२ जुलै
रेघ गेली! हार घालताना वाकून हसते, अगदी तश्शी.

२४ जुलै
ती नाही. जावई हार उंचावतो, समोर कुणी नाही. अक्षता हवेतच, डोक्याइतक्या उंचीवर अडतात आणि मग घसरतात. सूर्यकांतने जुनी सिस्टिम परत घातली. तरी नाही.

२७ जुलै
भार्गवीला म्हटलं, आसावरीला परत आण गं. तिने विचारलं, कोण आसावरी? थट्टा वाटली. थट्टा नव्हती. घरच्या फोटोत यांच्यात आणि माझ्यात मोकळी जागा. माझा हात अधांतरी, कुणाच्या तरी खांद्यावर असल्यासारखा —

३० जुलै
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. 'लेक' लिहिलंय. आम्हाला तर मूलबाळ —

३१ जुलै
सूर्यकांत म्हणाला, मशीनवर एक काम अडून पडलंय, वधूच नसलेलं लग्न, कुणाचं कळत नाही. संध्याकाळी पुसून टाकू? मी भार्गवीसारखं कानडीत म्हटलं, सरी, ठीक आहे, पुसा.

घरी आले. कपाटाच्या तळाशी एक छोटा परकर. कुणाचा? घडी मोडली आणि हात आपोआप हवेत वेणी घालू लागले — ओले केस — आई, हळू गं — हातांना आठवतंय —

सूर्यकांतला फोन लावलाय. पुसू नकोस म्हणायचंय. वाजतोय — उचल ना — कुणाचं म्हणून सांगू — नाव — तिचं नाव — आ