इअरफोनचं भोक आणि तीन कोटेशनं

१२ डिसेंबर १९९३, रविवार. सकाळ.
टू-इन-वन पडला. चूक माझी नाही. मी कानात इअरफोन घालून शांतपणे इंग्रजी बातम्या ऐकत होतो. (कळत नाहीत असं नाही. वाचणारी बाई फार घाई करते.) दारावर थाप पडली, मी ताडकन उठलो, कानाला बांधल्यासारखा रेडिओही उठला आणि फरशीवर आला. थाप शेजारच्या नानासाहेबांची. कशासाठी? तर विरजणासाठी! अख्ख्या मुकुंदवाडीत यांना विरजण आमच्याच घरात दिसलं.

नुकसान असं: इअरफोनच्या पिनेचं टोक तुटून भोकातच राहिलं. त्यामुळं रेडिओची समजूत की साहेब अजून कानात घालून बसलेत. स्पीकर बंद. लाल लाईट लागतो, काटा सरकतो, कॅसेट फिरते, आवाज नाही. आशा म्हणाली, माझ्या बापानं लग्नात दिलेला होता. कपाटापासून कुकरपर्यंत प्रत्येक वस्तूला ती हेच म्हणते, त्यामुळं मी मनावर घेत नाही.

किरकोळ काम आहे. संध्याकाळपर्यंत करतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
केलं नाही. घाईगर्दीची कामं मला पटत नाहीत. त्या बातम्यांच्या बाईसारखं होतं.

१३ डिसेंबर
वाळूजला कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. हुद्दा असिस्टंट, पण सांभाळतो मीच. आमचा नियम साधा आहे. कुठलीही दुरुस्ती असो, आधी तीन कोटेशनं, लेखी, लेटरहेडवर. मग तुलना. मग निर्णय. घरात हा नियम नाही म्हणूनच घराची ही अवस्था आहे. आजपासून लागू.

स्टोअरमधून पिवळा टॅग आणून रेडिओला बांधला. पिवळा म्हणजे ‘होल्ड’. टॅग लागला की माल जागचा हलत नाही. आईला नीट समजावून सांगितलं. आई म्हणाली, गुराच्या कानाला बिल्ला मारत्यात तसं दिसतंय.

१६ डिसेंबर
कोटेशनं येईपर्यंत स्वतः प्राथमिक तपासणी केली. आगकाडीच्या टोकाला डिंक लावायचा, भोकात घालायची, सुकू द्यायची, ओढली की पिनेचं टोक चिकटून बाहेर. कल्पना माझी स्वतःची. काडी मोडली. आता आत दोन वस्तू आहेत.

आशा हसली. हसणाऱ्या माणसाला यंत्रातलं काय कळतं!

१९ डिसेंबर, रविवार
औरंगपुऱ्यात गेलो. रेडिओ नेला नाही, कारण टॅग. वर्णन करून सांगितलं. दुकानदार म्हणाला, आणून टाका, संध्याकाळी घेऊन जा. मी म्हणालो, आधी लेखी द्या. त्यानं मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, ट्रॅक्टर घ्यायलेत का काय तुम्ही? शेवटी सिगारेटच्या पाकिटामागं काहीतरी खरडून दिलं. असली माणसं धंदा करतात म्हणून मराठवाडा मागं आहे.

पुढं गुलमंडीला. तिथला म्हातारा बरा वाटला. म्हणाला, लेटरहेड कायको होना साब, मशीन लाव, मगरिब के बाद ले जाव. (म्हणजे दिवेलागणीनंतर.) मी हटून बसलो तेव्हा व्हिजिटिंग कार्ड दिलं. पाकीट बाद. कार्ड अर्धं धरतो. म्हणजे आजअखेर कोटेशनं: अर्धं.

२४ डिसेंबर
आई रोज संध्याकाळी नानासाहेबांकडं कीर्तन आणि बातम्या ऐकायला जाते. त्यांचा रेडिओ म्हणजे रबरानं बांधलेला डबा. सेल उन्हात तापवून घालतात. असल्या खोक्यासमोर निम्मी गल्ली पाय पसरून बसते आणि विद्यापीठाच्या नामांतरावर वाद घालते. सोळा वर्षं तोच वाद. मला बोलावलं होतं. मी स्पष्ट सांगितलं, त्या डब्यासमोर मी बसणार नाही. माझा रेडिओ दुरुस्त झाला की घरात ऐकेन.

नामांतराबद्दल माझं मत ठाम आहे. फोरमनला सांगितलं ते वेगळं आणि युनियनच्या लीडरला सांगितलं ते वेगळं, पण आतून ठाम आहे. योग्य वेळी बाहेर काढीन.

२ जानेवारी १९९४, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प: रेडिओ. आज जाणार होतो. आशाचा भाऊ जेवायला आला. तीन वेळा भात घेतला. माणसाचा दिवस असा जातो.

५ जानेवारी
घरात भलतंच घडलं. नानासाहेबांची बायको कडूबाई आईला रिक्षात घालून आकाशवाणीत घेऊन गेली. बायकांच्या कार्यक्रमाला जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या हव्या होत्या. आमच्या आईचं, सारजाबाईचं, रेकॉर्डिंग झालं! संक्रांतीला दुपारी लागणार. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. बोलायचं कसं, हे मी चार शब्दांत सांगितलं असतं.

आई भलती खुशीत. म्हणाली, तुझ्यावर बी एक ओवी म्हणली. कोणती? तर सांगेना. म्हणाली, तू तान्हा असताना दळताना सुचलेली हाय, कुणापुढं म्हणली नव्हती. आता रेडिओवरच ऐक. पदर तोंडाला लावून पोरीसारखी हसली.

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर लई बरं वाटलं. रेडिओ संक्रांतीच्या आत. शब्द दिला.

८ जानेवारी
आशा म्हणाली, तुमच्यानं व्हत नाय तर मी टाकून येते औरंगपुऱ्यात, जाता-येता तासाचं काम. मी तिला शांतपणे टॅग दाखवला. ती म्हणाली, टॅगला जाळायचंय का? अडाणीपणाशी वाद घालत नाही मी. प्रोसिजर एकदा मोडली की मोडलीच.

९ जानेवारी, रविवार
तिसऱ्या कोटेशनसाठी शहागंजला जाणार होतो. दुपारी जरा पडलो. उठलो तर दिवे लागले होते. मला कुणी उठवलं नाही. या घरात कुणालाच रेडिओची काळजी नाही.

१२ जानेवारी
आता नामांतर होणार म्हणतात. शहरात बंदोबस्त. औरंगपुऱ्यात गेलो तर शटर खाली. मुद्दाम आजच! मी इतके दिवस विचार करून निघालो आणि सरकारला आजचाच मुहूर्त सापडला.

आईनं विचारलं, व्हईल ना रं? मी म्हणालो, परवा दुपारी तुझा आवाज आपल्याच घरात घुमेल. ती कडूबाईला सांगून आली, की उद्यापरवा तुमच्याकडं नाय येत, आमचा रेडिओ बोलतोय आता.

१३ जानेवारी
स्वतः उघडला. टॅग सन्मानानं बाजूला काढून ठेवला. चार स्क्रू, मागचं झाकण, सगळं सोपं. उगाच दुकानदारांचे लाड. भोकाच्या आतल्या बाजूला एक पितळी पट्टी असते. ती जरा उचलली. जरा जास्त उचलली गेली. तुटली. आता लाल लाईटपण लागत नाही.

एका अर्थी बरं झालं. आधी दोष एक होता की दोन, याचा घोळ होता. आता चित्र स्पष्ट आहे.

आईला सांगितलं नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.
कंपनीची बस आलीच नाही. घरी.

दुपारी आई नवं लुगडं नेसून रेडिओसमोर येऊन बसली. मी बटण दाबलं. परत दाबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मागच्या उघड्या झाकणाकडं बघितलं. उठून कडूबाईकडं गेली. आशापण गेली. दारात थांबून म्हणाली, चला की तुमीबी. मी म्हणालो, त्या डब्यासमोर मी बसणार नाही, माझा शब्द आहे. कुणाला दिला होता, आठवत नाही.

मधली भिंत पातळ आहे. कान लावला. सगळं स्पष्ट ऐकू आलं. आकाशवाणीच्या बाईंनी विचारलं, आजी, तुमचा मुलगा कार्यक्रम ऐकणार ना? आई म्हणाली, ऐकंल की, आमचा रेडिओ बोलला तर. त्याच्या भोकात काडी अडकलीय. बाई म्हणाल्या, अरेरे, मग दुरुस्त नाही केला? आई म्हणाली, लेक कंपनीत स्टोअरला हाय, तीन कागद आल्याबिगर त्याला काय करता येत नाय. बायको करताना बी तीन ठिकाणं बघितली, आन् शेवटाला पहिलीच केली.

आकाशवाणीच्या बाई हसल्या. भिंतीपलीकडं सगळी गल्ली हसली. आशाचं हसणं वेगळं ऐकू आलं. हे अख्ख्या मराठवाड्यात गेलं. वैजापूरला, चुलत्यांच्या घरात, आमच्या वाड्यावस्त्यांवर, सगळीकडं.

मग आई म्हणाली, त्याच्यावरच एक म्हणते. हसणं थांबलं. पलीकडं एकदम चिडीचूप.

पहाटंचा वारा सुटं, जात्याला देते हात,
काकासाहेब माझा बाळ गं...

आणि गल्लीच्या टोकाला फटाके लागले. माळच्या माळ. हलगी, शिट्ट्या, जयभीमच्या घोषणा, पोरं धावत आली. नामांतर झालं. सोळा वर्षं वाट बघणारी माणसं आता माझ्या ओवीसाठी थांबणार होती का? मी दोन्ही हातांनी कान भिंतीला दाबला. खिडकी लावली. परत आलो तोवर डब्यात दुसऱ्याच कुणा बाईचं गाणं सुरू होतं.

आई आली. हातावर तिळगूळ ठेवला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ती ओवी काय होती गं, पुढं? ती म्हणाली, ऐकली नाय व्हय? मी म्हणालो, ऐकली, पण मधे फटाके. ती म्हणाली, जाऊ दे बाबा. तान्ह्या पोरावरची ओवी, एकदा म्हणली ती म्हणली. आता परत तोंडातून निघायची नाय. आणि पोळ्यांचं बघायला आत गेली.

नानासाहेबांना सगळी ऐकू आली असेल. कडूबाईलाही. विरजण मागायला येणाऱ्या माणसाला माझी ओवी माहीत आहे. मला नाही. त्यांना जाऊन विचारावं का? जीव गेला तरी नाही.

आशा मघाशी पिवळा टॅग उचलून म्हणाली, सरकारचं बी ठरलं एकदाचं, तुमचं कधी? वाईट वाटलं आज. लिहून ठेवतो, कुणी वाचत नाही.

उद्या सकाळी पहिलं काम, रेडिओ घेऊन औरंगपुरा. कोटेशन वगैरे काही नाही. फक्त दुकान उघडं आहे का, ते आधी कुणाकडून तरी नक्की कळायला हवं.